सरूमावशीच्या खाचरातलं रोप

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. तो गेला, सासू गेली, आता ऐकून चिडायलाही कुणी उरलं नाही — म्हणून सांगतेय असंच समजा. भित्र्या माणसाचं धाडस असंच असतं, नाही का?

साठ सालच्या आसपासची गोष्ट. लग्न होऊन माले गावात नांदायला आले, त्याचं दुसरं वर्ष. घरात तानी होती, माझी थोरली नणंद. तिशीची बाई, पण बोलणं अडखळत, एकेक गोष्ट चारचारदा सांगावी लागे. गाव तिला खुळी म्हणायचं. सासू मात्र असं म्हणणाऱ्याच्या बेचाळीस पिढ्या उद्धरायची!

आमच्याकडे भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सावडीनं व्हायची — आज सगळ्या घरच्या बायका तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही त्यांच्या. आधी बायकांनी तानीला नको म्हटलं. सासू सरळ म्हणाली, "माझ्या घरातनं तानी येनार. ती नगं असंल तर आमी कुनीच न्हाई." आणि तानीनं करून दाखवलं. सावकाश लावायची, पण ओळ कशी सरळ! दुपारी सगळ्यांच्या पंगतीत बांधावर भाकर खायची, गाणं चाललं की भलत्याच जागी मोठ्यानं सूर लावायची. ते पंधरा-वीस दिवस तिला कुणी खुळी म्हणत नसे.

त्या वर्षी — हं, सांगते. टाळत नाही.

शेजारच्या सरूमावशीच्या आंबेमोहराच्या खाचरात आवणी होती. ते बियाण्याचं खाचर. गावातली निम्मी घरं तिथलंच बी पेरायची. वाफ्यातून रोपाच्या मुठी आणायचं काम माझ्याकडे, तानी मदतीला. लगतच हळव्या भाताचा वाफा होता — लवकर पिकणारं, जाडं भात. मी आपली गप्पांत गुंग. चार-पाच पाट्या त्याच वाफ्यातून भरल्या. तानीनं एक मूठ नाकाशी नेली नि म्हणाली, "वैनी, ह्ये त्ये न्हाई. ह्येला वास न्हाई."

मी काय म्हणाले असेन? "गप. तुला काय कळतंय?"

रोपं दिसायला सगळी सारखीच. दसऱ्याच्या सुमाराला मात्र खाचराच्या मधोमध पट्टाच्या पट्टा पिवळा पडला, बाकीचं हिरवंगार. दोन भातांची भेसळ झाली, बियाण्याची पार वाट लागली. बायका बांधावर जमल्या. "रोप कुनी आनलं व्हतं गं?" सरूमावशीनं विचारलं, माझ्याकडेच बघून.

खरं बोलायला किती वेळ लागतो? मी तानीकडे बोट केलं. म्हटलं, "पाट्या तिनं भरल्या. माझं ध्यान नव्हतं."

कुणी शंकाही घेतली नाही. कशाला घेतील? आणि तेच मला ठाऊक होतं — तिनं कितीही सांगितलं तरी तिचं कुणी ऐकणार नाही, म्हणूनच तर तिचं नाव घेतलं. घाबरले होते हे खरं, पण बोट करताना नीट विचार करून केलं. मला लाज वाटते ती त्याची. सासूनं, कधी कुणापुढे मान न लववलेल्या बाईनं, सरूमावशीपुढे हात जोडले.

पुढच्या आषाढात सावडीचं बोलावणं आलं. तानी इरलं घेऊन आमच्याआधी दारात उभी. "तू ऱ्हा घरी, बाय," सरूमावशी म्हणाली, तीही मायेनंच. सासू या खेपेला भांडली नाही. मी खाली बघत त्यांच्यामागून निघाले.

त्यानंतर तानी बारा वर्षं जगली, बहुतेक ओट्यावरच बसून. एका वर्षी माझंच मन खात होतं म्हणून मी तिला आमच्या घराजवळच्या खाचरात नेलं, हातात रोपाची मूठ दिली. म्हटलं, लाव. तिनं हात मागं घेतले.

"नगं वैनी. मला कळत न्हाई. मी चुकते."

तिला कळत होतं. माझ्याहून जास्त कळत होतं. तिथं दुसरं कुणीही नव्हतं, आम्ही दोघीच — आणि तरीही मी तिला खरं सांगितलं नाही. मूठ परत घेतली आणि कामाला लागले.