चॅम्पियनच्या पुस्तकातलं माझं वाक्य

बर्फावर स्केटिंग करणाऱ्या एका चॅम्पियनच्या आत्मचरित्रात माझं एक वाक्य आहे. छापलेलं नव्हे. वाचता वाचता मी ते तोंडानं घातलं, आणि ऐकायला फक्त माझी मोठी नणंद होती. त्यातून पुढे जे झालं ते बरं झालं की वाईट, हे मला अजून कळलेलं नाही.

नणंदेला आम्ही अक्का म्हणतो. पंचाहत्तरीची आहे, आणि यजमान गेल्यापासून कुंभकोणमला आमच्याकडेच राहते. तीन वर्षांपूर्वी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं. तेव्हापासून तिला अक्षरं दिसत नाहीत, पण मोठ्या टीव्हीवरची हालचाल दिसते. एका दुपारी चॅनेल बदलताना हा चॅम्पियन लागला. पांढऱ्या मैदानावर काळ्या कपड्यातला एकच माणूस, म्हणजे तिच्या डोळ्यांना अगदी सोयीचा. त्यानं हवेत गिरक्या घेतल्या, उतरताना सपशेल आपटला, उठला आणि पुढच्या ठेक्याला बरोबर हजर झाला. अक्का मांडीवर ताल धरून बसली होती. म्हणाली, "पडतो, पण ताळ सोडीना."

त्या दिवसापासून आम्ही दोघी त्याच्या भक्त. उड्यांची नावं आम्हाला आजही येत नाहीत. पण समोर तोंड करून घ्यायची ती अवघड उडी आली की अक्का खुर्चीतल्या खुर्चीत दोन्ही पाय जमिनीपासून उचलते, आणि तो नीट उतरला की मगच खाली ठेवते. आमच्या गावात बर्फ बघायचा तर उसाच्या रसाच्या गाड्यावर. तरी या बाईला त्या बर्फाची एवढी ओढ का, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. तिचा एकुलता एक मुलगा तसल्याच बर्फाच्या मुलखात राहतो. वडिलांच्या वर्षश्राद्धाला तो आला नाही. तेव्हा अक्का त्याला रागानं म्हणाली होती की यापुढे मला फोन करू नकोस. त्यानं ते अक्षरशः पाळलं. दोन वर्षं झाली होती. घरात तो विषय काढायची कुणाची छाती नव्हती.

चॅम्पियनचं पुस्तक आलं तेव्हा अक्कानं ते दोन्ही हातांत घेऊन डोळ्यांना लावलं आणि फर्मान काढलं की रोज चार वाजता कॉफी झाली की वाचायचं. पुस्तक इंग्रजीत. मी डोळ्यांनी इंग्रजी वाचायचं आणि तोंडानं आमच्या घरच्या मराठीत सांगायचं, असं ठरलं. ही आमची तंजावरकडची मराठी ऐकून पुण्याचे नातेवाईक तोंड लपवून हसतात, पण त्या पुस्तकाला ती छान बसली. बापानं परसात पाणी ओतून, रात्रभर गोठवून मुलासाठी बर्फाचं अंगण केलं, हे अक्काला तर फारच आवडलं.

घोटाळा झाला तो आमच्या रिवाजानं. माझं माहेर कुंभकोणमजवळच्या मरुदानल्लूरचं, भजनी घराणं, आणि अक्काही त्याच वळणात वाढलेली. आमच्याकडे रामायण वाचताना शोकाच्या जागी पोथी मिटत नाहीत. राम वनात निघाला आणि वाचणाऱ्याचा घसा बसला, तरी काहीतरी मंगल येईपर्यंत पुढे वाचायचंच, नाहीतर ते दुःख घरात मुक्कामाला राहतं. अक्कानं हा नियम चॅम्पियनला लावला. मीही मान डोलावली. आता वाटतं, आम्हा दोघींसारख्या वेड्या बायका शोधून सापडायच्या नाहीत.

चौथ्या दिवशी आईचं प्रकरण आलं. आईशी भांडून तो घर सोडतो. फोन तिनं आधी करावा, असं त्याचं म्हणणं. त्यानं करावा, असं तिचं. पुढे घोटा मोडतो, प्रशिक्षक सोडून जातो. मी वाचतेय. पाच वाजले, सहा वाजले. दिवा लावायची वेळ झाली, आतून आमचे हे दोनदा डोकावून गेले. मंगल काही येईना. पाणी प्यायच्या निमित्तानं उठून मी फोनवर त्याच्या चाहत्यांच्या ग्रुपला विचारलं की या प्रकरणात आनंदाची जागा कुठे आहे. जपानमधल्या एकीनं लगेच कळवलं, त्याला सुवर्णपदक मिळतं ते पान. मला हायसं वाटलं. ते पान काढलं तर पुस्तकातलं सगळ्यात रडवं पान तेच निघालं. पदक गळ्यात घालून तो कपडे बदलायच्या खोलीत न वाजणाऱ्या फोनकडे बघत बसलाय. ज्या क्षणी आम्ही सगळे चाहते टाळ्या पिटत होतो, त्या क्षणी. पुढची दोन पानं मनात वाचली, तर दोघांपैकी कुणीच फोन केला नाही आणि आई गेली. त्याला ते शेजाऱ्यांकडून कळलं.

अक्का पदराचं टोक मुठीत धरून बसली होती. मी म्हणून टाकलं, "इतक्यात फोन वाजला. आई होती. तिनं एवढंच विचारलं, घरी कधी येतोस?"

आणि पुस्तक मिटलं. अक्कानं मोठा श्वास सोडला. माझाही जीव भांड्यात पडला, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोरीपाशी उभी होते, तिथे ती भिंत धरत आली.

"मज खरें सांग गे. तीच आधी बोलली का?"

"हो अक्का."

"आई होऊन तिला कमीपणा वाटला नाही?"

मी नाही म्हटलं. तिनं माझ्या फोनवरून मुलाचा नंबर लावायला सांगितला. मी लावला. त्यानं उचलला. अक्कानं नमस्कार नाही, चौकशी नाही, सरळ विचारलं, घरी कधी येतोस. पलीकडे एक चाळिशीचा माणूस हुंदके देऊन रडू लागला. मी आत निघून गेले. मलाही रडू येत होतं, पण ते आनंदाचं की भीतीचं हे मला सांगता येणार नाही. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, तो येणार आहे, वडिलांच्या श्राद्धाला.

ती दोन पानं मी वगळली. उरलेलं पुस्तक कसंबसं ठिगळं लावत संपवलं. जिथे आई नाही म्हणून तो रडतो, तिथे मी त्याला घोटा दुखतो म्हणून रडवलं. सगळं सांगून टाकावं असं रोज वाटतं. पण मग मनात येतं, तिनं फोन चॅम्पियनच्या आईच्या भरवशावर केला, माझ्या नव्हे. तो भरवसा काढून घेतला तर काय उरेल? आणि ज्या माणसावर आम्ही एवढं प्रेम करतो, त्याचं सगळ्यात मोठं दुःख मी पुसून टाकलं, हे कसलं चाहतेपण?

गेल्या आठवड्यात अक्कानं मला पत्र लिहायला बसवलं. थेट चॅम्पियनला. ती आमच्या मराठीत सांगणार, मी इंग्रजीत लिहिणार. तुमचं पुस्तक पूर्ण ऐकलं, तुमच्यामुळे माझा मुलगा घरी येतो आहे, घोट्याला गरम तेल लावत जा, असं सगळं सांगून झालं. मी पेन खाली ठेवणार होते.

"अजून एक लिही," ती म्हणाली. "तुमच्या आईंना माझा नमस्कार. त्यांच्याकडून मी शिकलों."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिच्या डोळ्यांना माझा चेहरा दिसत नव्हता.

"लिहिलीस का?"

मी लिहिलं.