झाकणाच्या आतल्या चिंध्या

भिकन मास्तर गेल्याचा फोन आला तेव्हा सुमनवहिनी, म्हणजे त्याची बायको, रडल्या नाहीत. आधी त्यांनी मला प्रश्न विचारला. "भाऊ, रिपोर्ट निगेटिव्ह उना व्हता ना? मंग त्या कसाघाई गयात?" रिपोर्ट चांगला आला होता, मग माणूस गेला कशाने... दीड महिना झाला, मी अजून त्याच प्रश्नापाशी बसलोय. आणि माझी ख्याती अशी, की सुरतच्या पांडेसरात कोणी नुसतं शिंकलं तरी त्याचं कारण मी त्याच्या पणजोबापासून सांगावं. मिलच्या टाइम ऑफिसात तीस वर्षं हजेरी मांडली आणि उरलेल्या वेळात, म्हणजे जवळजवळ सगळ्याच वेळात, चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, गोष्टी सांगितल्या. मास्तर मला नावानं हाक मारायचाच नाही, थापाड्याच म्हणायचा. त्या दिवशी हा थापाड्या फोन कानाला लावून मुका उभा होता.

मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे, मिलमधला कलर मास्तर. व्यापाऱ्यानं बोटभर चिंधी आणून टाकायची आणि मास्तरनं हजारो मीटर कापड त्या चिंधीच्या रंगाचं करून द्यायचं. खिडकीपाशी चिंधी धरून तो असा बघायचा, जसं काही ती त्याच्या कानात बोलतेय. पांढऱ्यात त्याला अठरा पांढरे दिसायचे. लारीवर मी बहात्तर सांगायचो. तापीला पूर आला की पुलावर उभा राहून गढूळ पाण्याकडे बघत म्हणायचा, "हाई आपली शिंदखेडाकडनी माटी शे." आणि दुसऱ्या दिवशी गावाकडून फोन यायचा, की इकडे धो धो झाला. हे मी स्वतः ऐकलंय. म्हणजे फोन नाही ऐकला, पण मास्तरचं म्हणणं ऐकलंय.

असा माणूस औषधंसुद्धा रंगावरूनच ओळखणार. त्याच्या घरी बिस्किटांचा एक निळा डबा होता. गल्लीत कोणी दवाखान्यातून गोळ्या आणल्या आणि दोन दिवसांत बरं वाटलं, की उरलेली पट्टी त्या डब्यात. वहिनींना वाचता येत नाही, म्हणून मास्तरनं झाकणाच्या आतल्या बाजूला कापडाच्या चिंध्या चिकटवल्या होत्या, मिलमधल्या शेडकार्डासारख्या. तांबडी आणि काळी शेजारी शेजारी, म्हणजे ताप. पिवळी म्हणजे पोट. गुलाबी म्हणजे घसा. चिंधीशी गोळी जुळवायची आणि द्यायची. "दोन ले. बरं वाटनं का बंद कर, बाकीन्या डबामा टाक," एवढाच त्याचा सल्ला. दहा गोळ्यांची पट्टी पाच घरांत प्रसादासारखी वाटली जायची. आणि या डब्याची जाहिरात कोणी केली? मीच. लारीवर मी सांगायचो, की कडोदऱ्याच्या एका लूमवाल्यापुढे चार डॉक्टरांनी हात टेकले होते, मास्तरच्या एका पिवळ्या गोळीवर तो उठला आणि दुसऱ्या दिवशी पुतण्याच्या वरातीत नाचला. लूमवाला खरा होता. त्याला फक्त ढेकर येत नव्हता.

यंदाच्या थंडीत मास्तरला ताप भरला. अंग मोडून आलेलं, कोरडा खोकला. त्यानं झाकण उघडलं, तांबडी-काळी कॅप्सूल जुळवली आणि गिळली. वहिनींनी खुंटीवरची पिशवी काढली, म्हणाल्या, मोठ्या दवाखान्यात जाऊ. मी खाटेच्या कडेला बसून चहा पीत होतो. म्हणालो, "वहिनी, ज्याच्या डब्यावर अर्धं सुरत जगतं, त्याला दवाखाना कशाला?" मास्तर हसला, हसता हसता खोकला. वहिनीही हसल्या आणि पिशवी परत खुंटीला अडकवली... तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मी त्याचे ओठ पाहिले. मला रंगातलं काही कळत नाही. पण ओठ निळे पडलेत एवढं मलाही कळलं.

हॉस्पिटलात सांगितलं, फ्लू आहे, जोराचा, फुफ्फुसात उतरलाय. हा विषाणूचा आजार. तांबडी-काळी कॅप्सूल जिवाणूंवर चालते, विषाणूवर नाही. विषाणू, जिवाणू... मला तर दोघे सख्खे भाऊ वाटले. मास्तरच्या घशात नळी घालून त्याला व्हेंटिलेटरवर ठेवलं. आठ-दहा दिवसांनी फ्लूचा रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि मी तडक पेढे आणले. बाकावरच्या प्रत्येकाला एक, वॉचमनला दोन. पेढ्याचा खोका रिकामा व्हायच्या आत मास्तरला पुन्हा ताप चढला. तिथल्या तरुण डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, कल्चर मोकल्युं छे, रिपोर्ट आवे पछी खबर पडे." छातीतला कफ तपासायला पाठवला होता, रिपोर्ट आल्यावर काय ते कळणार होतं. मी ऐकलं 'कलर'. धावत बाहेर जाऊन वहिनींना सांगितलं, "मास्तरचा कलर तपासायला दिलाय!" वहिनींचा चेहरा उजळला. म्हणाल्या, "कलरमा त्या पक्का शेतस, भाऊ."

तिसऱ्या दिवशी कागद हातात आला. औषधांची लांबलचक यादी आणि प्रत्येक नावापुढे इंग्रजी आर. आर, आर, आर... तळाला एकापुढे एस. मला वाटलं, आर म्हणजे राइट. बाकावर जाहीर करून टाकलं, की मास्तर सगळ्या विषयांत पास, एकात तेवढी सप्लिमेंटरी! डॉक्टरबाईंनी येऊन माझ्या हातातून कागद हळूच काढून घेतला. आर म्हणजे रेझिस्टन्ट. फ्लूनं खिळखिळ्या केलेल्या फुफ्फुसात आता दुसरेच जिवाणू घुसलेत आणि आरवाल्या एकाही औषधाला ते जुमानत नाहीत. एसवालं एकच उरलंय, तेही किडनीला जड. मी म्हणालो, "म्हणजे पक्का रंग. कितीही धुवा, निघत नाही." त्या म्हणाल्या, "हां काका, एवुं ज समजो."

मग मी हलक्या आवाजात विचारलं. हलक्या आवाजात बोलायची माझी ती पहिलीच वेळ असावी. एखादा माणूस वर्षानुवर्षं दोन-दोन गोळ्या खाऊन सोडून देत असेल, गल्लीलाही देत असेल, तर त्यानं असं होतं का? "कही न शकाय, काका." सांगता येत नाही. असे जिवाणू बहुतेक वेळा हॉस्पिटलातच लागतात, नळीवाटे, आधीच खचलेल्या माणसाला. पण अर्धवट औषधानं जिवाणू शिकतात, हेही खरं. मास्तरच्या बाबतीत यातलं कुठलं... कही न शकाय. तीन दिवस आधी आणलं असतं तर, हे मात्र मी विचारलं नाही. त्याचं उत्तर 'कही न शकाय' येणार नाही, अशी भीती वाटली. त्या एका उरलेल्या औषधावर मास्तर सहा दिवस तगला.

दहाव्याला, तेराव्याला माणसं यायची आणि मलाच विचारायची, कारण गोष्ट सांगावी तर मीच. एकाला मी म्हणालो, फ्लूनं नेलं. दुसऱ्याला म्हणालो, असा जिवाणू होता की औषधाची बाटली बघून हसायचा. तिसऱ्याला व्हेंटिलेटरच्या मशीनची कहाणी ऐकवली. सगळ्यांनी माना डोलावल्या. वहिनी पाण्याचे पेले देत फिरत होत्या. माझ्या तोंडून त्यांनी आपल्या नवऱ्याची तीन वेगवेगळी मरणं ऐकली.

मागच्या आठवड्यात शेजारची मंगल वहिनींकडे आली. दंडाला हे एवढं गळू, लिंबाएवढं. (बरं, बोराएवढं.) म्हणाली, "मावशी, मास्तरकाकांच्या डब्यातलं काही द्या ना." वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "संपल्या गोळ्या." डबा समोर फळीवर. मंगल खो खो हसली. "भाऊ, थाप!" वरातीत नाचलेला लूमवाला तिला पटला होता, आणि एवढंसं खोटं पचलं नाही. मी चपला घातल्या आणि तिला दवाखान्यात घेऊन गेलो. गळू फोडलं, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्याच दिवशी दुखायचं थांबलं आणि सवयीनं ती उरलेली पट्टी डब्यात टाकायला निघाली. मग काय, मी टाइम ऑफिसवाला माणूस! सकाळ-संध्याकाळ तिच्या दारात उभं राहून गोळीची हजेरी घेतली. पाचव्या दिवशी तिनं रिकामी पट्टी माझ्या हातावर ठेवली. "घ्या भाऊ, मस्टर पूर्ण."

ती पट्टी घेऊन मी वहिनींकडे गेलो. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. वहिनींनी ती उलटसुलट करून पाहिली. एकही गोळी न उरलेली पट्टी त्या घरात बहुधा कधी आलीच नव्हती. मग त्यांनी पुन्हा विचारलं, तेच, तितक्याच शांतपणे. "भाऊ, आते तरी सांगा. त्या कसाघाई गयात?"

मी म्हणालो, "वहिनी, आधी फ्लू झाला. तो गेला, पण छाती मोडून गेला. मग जिवाणू आले, त्यांना औषध लागू पडलं नाही. ते कुठून आले, डब्यातून की दवाखान्यातून, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पण तुम्ही पिशवी घेऊन उभ्या होता आणि मी खाटेवर बसून तुम्हाला थांबवलं. हे सांगता येतं." यात मी काहीही वाढवलं नाही. माझ्याच कानाला ते कोणा दुसऱ्याचं बोलणं वाटलं.

वहिनी उठल्या. मग फळीवरचा डबा काढला, माझा रुमाल मागून घेतला, जमिनीवर पसरला आणि डबा त्यावर उलटा केला. पिवळ्या, गुलाबी, पांढऱ्या, तांबड्या-काळ्या... कोणाकोणाच्या अर्ध्या राहिलेल्या आजारांचा ढीग. रुमालाची गाठ मारून त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. मी उठलो आणि रिकामा डबाही उचलायला हात पुढे केला. वहिनींनी झाकण काढून पदराखाली धरलं, चिंध्यांची बाजू आत, पोटाशी.

"गोळ्या लई जा, भाऊ. झाकण मन्हं शे."