न छापलेलं विमान

आबिड्सच्या फुटपाथवरच्या रविवारच्या पुस्तकबाजारात जुन्या मासिकांचा गठ्ठा कुणी सोडला, की त्या कुबट वासानं एक जुनी गोष्ट मला अजून टोचते. विमान कंपनीची एक जुनी जाहिरात मी तिथूनच आणली होती. गडद निळं आभाळ, खाली इवलेसे मिनार आणि त्यांच्यावरून तिरकं वर झेपावणारं पांढरं विमान. जाहिरातींच्या ऑफिसात माझ्या टेबलासमोर ती वर्षभर टांगलेली होती आणि तिच्यातलं सगळं मला कळतं, असा माझा तोरा होता. मग कुकटपल्लीहून एक नवी मुलगी कामाला आली, जिला साधी पाटीसुद्धा धड वाचता येत नव्हती. चहा पिता पिता तिनं जाहिरातीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "ताई, विमान तर छापलंच नाही की! कागद तसाच सोडलाय." खरंच, रंग होता तो फक्त भोवतीच्या आभाळाला. विमान म्हणजे नुसता कोरा कागद. माझा चहा कपातच गार झाला. दुपारी एका ट्रॅव्हल एजन्सीच्या पोस्टरसाठी मी साहेबांना हीच युक्ती सुचवली. ते खूश झाले. "क्या बात है! किसने पकड़ा ये?" ती शेजारीच उभी होती, तरी मी म्हणाले, "मैंने." तीही हसून म्हणाली, "हौ सर, दीदीच पकड़े." तिचा तो मोठेपणाही मला खुपला. आता मी हेच कॉलेजात शिकवते. परवा एका विद्यार्थिनीनं विचारलं, "मॅडम, हे तुम्हाला कुणी दाखवलं?" मी म्हणाले, "कुणी नाही."