सखुबाईच्या पोटातलं इख

मानपाड्याच्या अलीकडच्या गावात सखुबाईच्या जिभेला सगळे वचकून असत. तरुणपणी गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभं राहून तिनं मिठागरात मजुरी केली होती. पुढं मिठागरं बंद पडली, शेतावर कारखान्यांची धुराडी उभी राहिली. मिठानं खाल्लेले गुडघे तेवढे तिच्याकडे उरले. सकाळी उठताना ते कुरकुरत, आणि ती त्यांना माणसासारखी शिवी देई.

त्या गुडघ्यांसाठी ती शीळफाट्याच्या एका किराणा दुकानातून सुट्या पांढऱ्या गोळ्या आणायची. सकाळी उपाशीपोटी कोऱ्या चहाबरोबर दोन, दुपारी दोन, फारच दुखलं तर आणखी. गोळ्या राहायच्या कमरेच्या चंचीत, पानसुपारीच्या शेजारी. म्हातारीची चंची म्हणजे तिचं राज्य. तिच्यात सुनेनं हात घालायचा नाही ही त्या आगरी घरातली रीत, आणि सखुबाई रीत मोडणाऱ्याचं बोट मोडणारी.

एक्क्याण्णव सालच्या उन्हाळ्यात तिच्या पोटात आग पडू लागली. ओवा चावून झाला, हिंगाचं पाणी झालं, गावातल्या डॉक्टरचं गुलाबी पातळ औषध झालं. ते प्यायलं की तासभर थंड वाटे, मग पुन्हा काळजाखाली निखारा. एके सकाळी परसाकडं गेली तर डांबरासारखं काळं. ती घाबरली. आणि सखुबाई घाबरली की तिला राग येई.

राग काढायला घरात सून होती. शेवंती, कल्याणची, सातवी शिकलेली, मोजकं बोलणारी. दोघींचं लग्नाच्या मांडवापासून पटलं नव्हतं. सखुबाईनं पुढ्यातलं ताट ढकललं.

"तू जेवनात कायतरी घालतंस."

"काय घालीन, आत्या?" शेवंती सासूला आत्या म्हणे, पण त्या शब्दाला माया चिकटलेली नसे.

"इख!"

शेजारची हौसाबाई तेव्हा दारातच उभी होती. संध्याकाळपर्यंत नळावर सगळ्या गावाला कळलं. सखुबाईनं वेगळी चूल मांडली. कधी रांधी, कधी नुसत्या चहावर दिवस काढी. गोळ्या मात्र चुकल्या नाहीत. हौसाबाईच्या सल्ल्यानं, इख कोणी घातलं ते अंगात आणून सांगणारा भगत अवसेला बोलवायचं ठरलं. भगतानं नाव घेतलं की शेवंतीची रवानगी माहेरी, कपाळावर इख घालणारीचा डाग घेऊन. तिचा नवरा, सखुबाईचा मुलगा धाकू, खाली मान घालून कारखान्यात जाई आणि तशीच मान घेऊन परत येई.

अवसेला चार दिवस असताना सखुबाई अंगणात कोसळली. तोंडातून चहाच्या चोथ्यासारखं काळं पडलं. धाकूनं तिला टेंपोत घालून ठाण्याला, नौपाड्यातल्या एका दवाखान्यात नेलं. सोबत शेवंती. डॉक्टरांनी नळीची दुर्बीण घालून पाहिलं. आत व्रण होता आणि रक्त झिरपत होतं.

"आजी, दुखण्याच्या गोळ्या घेता का?"

"नाय. गोळ्या नाजूक बायका खातात."

शेवंती पुढं झाली. तिनं सासूच्या उशालगतची चंची उचलली आणि टेबलावर उलटी केली. अडकित्ता खणकला, सुपारी घरंगळली, आणि मागोमाग पांढऱ्या गोळ्यांचा सडा पडला.

"हात झडो तुजा!" सखुबाई ओरडली.

"झडू दे. आधी डॉक्टरांना बघू दे."

डॉक्टरांनी एक गोळी उचलून पाहिली. "हेच तुमचं विष, आजी. उपाशीपोटी ही पोटाची आतली कातडी खाते. तेच रक्त काळं होऊन बाहेर येतं."

आठ दिवसांनी ती घरी आली. आता दोन तऱ्हेच्या नव्या गोळ्या होत्या, एक सकाळी, एक रात्री. नळावरचं बोलणं मात्र जुनंच. अवस गेली तर गेली, पुढची येईल, असं हौसाबाई म्हणे. सगळं ठाऊक असून सखुबाई तिला खोटं पाडत नव्हती.

पहिल्या सकाळी तिनं गोळीसाठी हात पुढं केला. शेवंती जागची हलली नाही.

"मी इख घालते ना? मग माझ्या हातची गोळी कशी चालेल? नळावर चला. तिथं सांगा, मग देते."

"नाय येत जा!"

"मग पाकिटं फळीवर आहेत. तुमच्या हातानं घ्या."

सखुबाईनं पाकिटं उलटीपालटी केली. दोन्ही चांदीच्या रंगाची, दोन्हींवर मुंग्यांसारखी अक्षरं. कुठली सकाळची? उन्हं अंगणात उतरली तरी ती तशीच बसून राहिली. पोटात निखारा पुन्हा फुलू लागला होता. शेवटी भिंतीला धरून उठली आणि शिव्या देत नळाकडं निघाली. मागं शेवंती.

"ए हौसे, आयक," सखुबाई हंड्यांच्या रांगेसमोर उभी राहिली. "माज्या गोल्यांनीच माजा पोट खाल्ला. हिनं काय घातला नाय. हिला आमटीत धड मीठ घालता येत नाय, इख काय घालील?"

कुणी हसलं नाही. शेवंतीनं सकाळची गोळी सासूच्या तळहातावर ठेवली. सखुबाईनं हौसाबाईच्या हंड्यातलं पाणी न विचारता ओंजळीत घेतलं, आणि सुनेकडं डोळे वटारून गोळी गिळली.