दहा शेरांची अट

जव्हार संस्थानात मी कारकून होतो आणि स्वतःला फार हुशार समजत होतो. त्या हुशारीने केलेल्या गाढवपणांपैकी हा एक.

मोखाड्याला टपाल पोचवणारा हरकारा पाय मोडून जामसरला घरी बसला होता. त्याची जागा कोणाला द्यायची? साहेबांनी ठरवलं की दसऱ्याला शिरपामाळापासून जव्हारच्या मैदानापर्यंत शर्यत लावायची. जिंकेल त्याला नोकरी. आदल्या दिवशी नावं लिहायला मी बसलो, तर रांगेत हरकाऱ्याची बायको उभी!

"माझं नाव लिवा, दादा."

"बाई, ही धावायची शर्यत आहे."

"मंग? तो पडल्यापासून थैली कोन नेतंय?"

मागून एकजण ओरडला, "आन् घरची नागली कोन दळल?"

"तू ये ना. उद्या हरलास का मोकळाच हायेस."

रांग हसली, मीही हसलो. मग घाम फुटला. नाव लिहावं तर साहेब खवळणार. नाही म्हणावं तर बाई हलेना. तेव्हा मला अक्कल सुचली. मी जाहीर केलं की प्रत्येकाने दहा शेर तांदळाचं पोतं घेऊन धावायचं. आता जाईल निमूट, असं मला वाटलं. खिडकीत चहा पीत मी रोज सकाळी काय पाहत होतो, तर डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन चढ चढणाऱ्या बायका. पण पाहणं वेगळं आणि डोक्यात शिरणं वेगळं.

"डोक्यावर नेलं तं चालल?" तिने विचारलं.

"चालेल की," मी मोठ्या मनाने म्हणालो.

शर्यतीच्या दिवशी शेवटच्या दोरीचं एक टोक माझ्या हातात होतं; ती ज्याच्या छातीला आधी लागेल तो जिंकला. मला एका जागी उभं राहवेना. मी दोरी बोटाला गुंडाळत होतो, पुन्हा सोडत होतो. वळणावर ती दिसली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पोतं, मान ताठ, हातही न लावता. तिच्या बऱ्याच मागे एक गडी पोतं लेकरासारखं पोटाशी धरून धडपडत येत होता.

"कारकून, दोरी वर घ्या," मागून साहेब म्हणाले.

मी घेतली. ती दोरीखालून गेली. त्या गड्यासाठी मी दोरी पुन्हा खाली धरली.

मग मैदानात गलका झाला, "बाई पयली! बाई पयली!" साहेबांनी गर्दीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "थैली बाईला द्या. नाव नवऱ्याचं लिहा."

मी लिहायला लागलो.

"धावलं कोन?" तिने विचारलं.

"तू."

"मंग नाव त्याचं कशाला?"

"तशी रीत आहे, बाई."

"दहा शेरांची रीत तं तू कालच केलीस."

मी त्याचं नाव लिहिलं आणि शाई पुढे केली.

"नाव त्याचं तं अंगठा बी त्याचाच घे," असं म्हणून तिने थैली उचलली, हरकाऱ्याची घुंगरांची काठी घेतली आणि ती मोखाड्याच्या वाटेला लागली.

मग वही काखेत मारून जामसरला मलाच जावं लागलं. हरकारा बाजेवर उठून बसला.

"जितली का ती?"

"जितली."

"मंग माझा अंगठा कशाला, रावसाहेब?"

मी त्याचा हात धरला आणि अंगठा शाईत दाबला.