बंदूक की फटाके

दर वर्षी कुठलं ना कुठलं मासिक अमेरिकेतल्या राहायला धोकादायक शहरांची यादी छापतं आणि आमचं नाव त्यात असतंच. कधी अकरावं, कधी चौदावं. एका वर्षी घसरून एकदम चोविसाव्यावर गेलो, तर महापौरांनी पत्रकारांना बोलावून केक कापला. सव्वा लाख वस्तीचं गाव, मधून नदी, दोन बंद कारखाने, एक चालू. बाहेरचा माणूस ती यादी वाचतो आणि आमच्यातून जाताना गाडीच्या काचा वर करतो. करू दे बापडा. आम्हाला यादी लागत नाही. आमच्या गल्लीला ओरेथा पिकेन्स आहे.

ओरेथा आता अडुसष्ट वर्षांची. तिचे वडील मिसिसिपीतून कापसाचं काम सोडून इकडे आले आणि धुलाई यंत्रांच्या कारखान्यात लागले. त्याच कारखान्यात पुढे ओरेथाने अठ्ठावीस वर्षं काढली. त्यातली शेवटची एकवीस ती जुळणीच्या रांगेच्या टोकाला उभी असायची. तयार यंत्र रिकामं फिरवायचं, झाकणावर पंजा ठेवायचा, मान तिरकी करायची आणि सांगायचं, चालेल किंवा नाही. बस, एवढंच काम. एकदा एक तरुण इंजिनियर आवाज मोजायचं उपकरण घेऊन आला. त्याचं उपकरण म्हणालं यंत्र ठीक आहे. ओरेथा म्हणाली, "बाळा, हे रडतंय. बेअरिंग उघड." उघडलं, तर तडा निघाला. इंजिनियर परत फिरकला नाही.

मग कारखाना मेक्सिकोला गेला. ओरेथाला एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि कान तेवढा तिचा तिच्याकडे राहिला.

त्याच उन्हाळ्यात ती ओसरीच्या पायऱ्यांवर वाटाणे सोलत बसली होती. धडाधड आवाज झाले आणि सगळी गल्ली जमिनीला चिकटली. समोरचा एलरॉय कॉब तर हातातल्या लिंबू सरबतासकट गुलाबाच्या झुडपात गेला. ओरेथा होती तिथेच बसून म्हणाली, "उठा रे. फटाके आहेत. एलरॉय, काटे काढून घे आधी." पुढच्या आठवड्यात उलटं झालं. लोक म्हणाले फटाके, ही म्हणाली, "पोरांना आत घ्या. बंदूक आहे." आणि खरंच, दोन रस्ते सोडून एक जण पडला होता. त्या दिवसापासून गल्लीत आवाज झाला की ओरेथाचा फोन वाजायला लागला.

फोनवर कोणी "कशी आहेस" वगैरे विचारायचं नाही. थेट सवाल. "मिस ओरेथा, बंदूक की फटाके?"

"फटाके. जेवून घ्या."

नाहीतर, "बंदूक. चार. रुळांच्या पलीकडे आहे, पण खिडकीपाशी बसू नका."

पोरं विचारायची, तुम्हाला कळतं कसं? ती सांगायची, "फटाका मागे शेपूट सोडतो, फुसफुसतो, मध्येच अडतो. गोळी कोरडी असते. आणि एका अंतराने येते." सांगून काही कोणाला यायचं नाही. जून संपत आला की चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाचे फटाके सुरू होतात, ते थेट ऑगस्टपर्यंत कोणीतरी उरलेले उडवत असतं. त्या दिवसांत ओरेथाला घास गिळायची फुरसत नसे.

बंदूक जवळची असली तर पोलिसांना तीच कळवायची. त्यामुळे बाकीच्यांनी कळवणं सोडून दिलं. आता यातली गंमत बघा. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी चर्चच्या तळघरात वस्तीची बैठक असते. पोलिसांचा सार्जंट डॉब्स कागद वाटतो. त्यावर हिरवे आणि लाल बाण. घरफोडी इतके टक्के खाली, गाड्यांची चोरी इतकी वर. आमच्या गल्लीसमोर 'गोळीबाराच्या तक्रारी' या रकान्यात एक भलामोठा हिरवा बाण यायला लागला. पूर्वी एका आवाजाला चौदा फोन जायचे, आता एक जायचा, कधी तोही नाही. सार्जंटने ओरेथाला पुढे बोलावून लाकडी पाटी दिली, 'सर्वांत सुधारलेली गल्ली'. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी येताना एलरॉयची बायको नेड्रा खो खो हसत होती. "अगं, गोळ्या तेवढ्याच उडतात. फोन कमी झाले फक्त."

"मग जाऊन सांग सार्जंटला."

"मी कशाला सांगू? पाटी छान आहे. न्हाणीघरात लाव."

नेड्रा आणि ओरेथा एकाच वर्षी कारखान्यात लागलेल्या. एकमेकींना टोचून बोलल्याशिवाय त्यांचा दिवस मावळत नसे. एलरॉय बस चालवून निवृत्त झालेला, अबोल, पण शनिवारी निखाऱ्यांवर मांस भाजायला उभा राहिला की गल्लीभर वास सुटायचा. एक ताट झाकून ओरेथाकडे यायचंच. एकोणीस वर्षं हे असं चाललं.

गेल्या वर्षी जुलैचा पहिला शनिवार. संध्याकाळचे सात वाजले होते, पण ऊन चांगलं होतं. ओरेथा स्वयंपाकघरात मक्याच्या कणसांची सालं काढत होती. टीव्हीवर चक्र फिरवून शब्द ओळखायचा कार्यक्रम मोठ्याने लागला होता. फोन वाजला. नेड्रा.

"बंदूक की फटाके?"

"फटाके," ओरेथा म्हणाली. "गप जेव."

"बरं बाई," म्हणून नेड्राने फोन ठेवला.

बंदूक होती. मागच्या बोळात दोन गाड्यांतल्या पोरांचं कशावरून तरी भांडण झालं, सहा गोळ्या सुटल्या. एलरॉय निखाऱ्यांची राख कचऱ्याच्या पिंपात टाकायला गेला होता. पंचवीस मिनिटांनी नेड्रा बटाट्याचं सॅलड बाहेर घेऊन आली, ताटं मांडली, त्याला दोन हाका मारल्या, आणि मग चिडून बोळाकडे गेली. डॉक्टर पुढे म्हणाले की मांडीतून रक्त गेलं. दहा-बारा मिनिटांत कोणी पोचलं असतं तर कदाचित. 'कदाचित' हा शब्द डॉक्टरांनी वापरायला नको होता. काय गरज होती?

गल्लीने ओरेथाला एका शब्दाने दुखावलं नाही. उलट लोक येऊन खांद्यावर हात ठेवून जायचे. सणाचे दिवस, फटाक्यांची हीऽऽ गर्दी, कोणाचाही कान फसेल. प्रेतयात्रेनंतर चर्चमध्ये जेवणं झाली, तेव्हा नेड्राने सगळ्यांसमोर तिला कवटाळलं. "हिच्याकडे कोणी वाकड्या नजरेने बघायचं नाही," ती म्हणाली. "मी का उठले नाही म्हणून मी डोकं आपटून घेतलं असतं. पण ओरेथाचा कान जिथे चुकला, तिथे माझी काय कथा? हे एवढंच धरून मी उभी आहे."

ओरेथाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. रडू आलं नाही. घरी येऊन तिने भांडी घासली, ओटा पुसला, उरलेलं चिकन पिशव्यांत भरून फ्रीजमध्ये टाकलं. मग परत ओटा पुसला. आत काहीच हलत नव्हतं. आपण दगड झालोय की काय, असं तिला वाटलं आणि त्याचीही भीती वाटली नाही.

कारण खरी गोष्ट वेगळीच होती. तिचा कान चुकला नव्हता. तिने ऐकलंच नव्हतं.

कानात दोष नव्हता हो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, तिशीतल्या बाईचे कान आहेत. पण गेली दोन-तीन वर्षं आवाज कानावर पडायचे आणि आत पोचायचे नाहीत. फोन वाजला की तिला कळायचं, अरेच्चा, काहीतरी झालं वाटतं. मग ती म्हणायची "फटाके". दहातल्या नऊ वेळा फटाकेच असतात. लोक निवांत जेवायचे, तिचा मान राहायचा. "मला ऐकू आलं नाही" एवढं म्हणायला जीभ उचलली नाही तिची. अठ्ठावीस अधिक एकोणीस वर्षांची कमाई होती ती.

आणि आता म्हणायचं तर नेड्राचा आधार जाणार. ज्या एका गोष्टीला धरून ती बाई उभी आहे, ती गोष्ट खोटी आहे, हे सांगायचं? की रोज समोर बसून तिचं "तुझा कान चुकला तिथे" ऐकत राहायचं?

ऑगस्टची बैठक झाली. सार्जंट डॉब्सने टोपी काढून कॉब कुटुंबाचं सांत्वन केलं आणि मग कागद वाटले. वर्षाच्या पहिल्या सात महिन्यांत खून मागच्या वर्षीपेक्षा आठ टक्के कमी. आमच्या गल्लीत एक. मागच्या वर्षी शून्य होता, म्हणून त्या रकान्यात टक्के निघत नव्हते, नुसती आडवी रेघ होती. नेड्रा कागदाकडे बघत राहिली. "हा एलरॉय का?" तिने रेघेवर बोट ठेवून हळूच विचारलं. ओरेथा म्हणाली, "हो." दोघींनी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. टेबलावरच्या केकचा तुकडाही घेतला. मला विचाराल तर आमच्या गावात माणसं अशीच होऊन जातात.

आमच्याकडच्या कामगार दिनाच्या सुट्टीतली गोष्ट. सप्टेंबरचा पहिला रविवार, दुपार कलली होती. ओरेथा पीचचं पुडिंग घेऊन समोर गेली. नेड्रा ओसरीवर झोपाळ्यावर. एलरॉयची खुर्ची रिकामी. तिच्यावर आता कुंडी ठेवली होती.

"साखर जास्त पडलीय," नेड्राने पहिला घास घेऊन जाहीर केलं.

"मग ठेव खाली."

"ठेवते कशाला? खाते ना."

मग ओरेथा कुंडीकडे बघतच म्हणाली, "नेड्रा, मी त्या दिवशी ऐकलं नव्हतं."

"काय?"

"गोळ्या. मला काही ऐकूच आलं नाही. तू विचारलंस, मी बोलून टाकलं. कान चुकला नाही माझा. मी कणसं सोलत होते."

नेड्राने चमचा बशीत ठेवला. झोपाळा थांबला. ओरेथा वाट बघत राहिली. आता ही ओरडेल, बशी फेकेल, पायरीवरून हाकलून देईल. द्यायलाच हवं.

"मला माहीत आहे," नेड्रा म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"चक्र फिरत होतं ना टीव्हीवर. टिकटिक टिकटिक. तुझ्या फोनमध्ये मला तेवढंच ऐकू येत होतं. शेजारून ट्रक गेला असता तरी तुला कळलं नसतं."

ओरेथा म्हणाली, "मग चर्चमध्ये सगळ्यांसमोर..."

"मग काय सांगू सगळ्यांना?" नेड्राचा आवाज सपाट होता. "मला ऐकू आलं होतं, ओरेथा. नीट ऐकू आलं. कोरडं, एका अंतराने. तूच शिकवलंस. सहा मोजल्या मी. मागच्याच बोळात. आणि मी सॅलडमध्ये अंडी चिरत होते, पाय दुखत होते माझे. मला उठायचं नव्हतं गं. एलरॉय अंगणातच असेल म्हटलं. तुला विचारायला फोन केलाच नव्हता मी. तू 'फटाके' म्हणावंस म्हणून केला होता. तू म्हणालीस."

झोपाळ्याची कडी एकदा कुरकुरली. रस्त्यावरून एक मुलगी सायकल दामटत गेली, तिने हात हलवला, दोघींनी हलवला. ओरेथाला वाटलं आता तरी रडू फुटेल. कोणालाच फुटलं नाही. तिने हात पुढे केला आणि नेड्राचा गुडघा धरून बसली. दुखणारा गुडघा, डावा.

तेवढ्यात ओरेथाच्या खिशातला फोन वाजला. कोपऱ्यावरच्या घरातला टायरेल ग्रिग्स, नुकतं लग्न झालेला.

"मिस ओरेथा, बंदूक की फटाके?"

"कसले?"

"आत्ताचे! एवढे मोठे झाले ना. तुमच्याच बाजूला."

ओरेथाने नेड्राकडे बघितलं. नेड्राने मान हलवली. नाही. तिलाही नाही. भर दुपारी, उघड्या ओसरीवर, दोन शाबूत कानांच्या बायका बसल्या होत्या आणि दोघींनाही काही ऐकू आलं नव्हतं.

"मिस ओरेथा? मांस चुलीवर आहे माझं. फटाकेच ना?"

जिभेच्या टोकावर शब्द तयार होता. एकोणीस वर्षांच्या सवयीचा.

"मला ऐकू आलं नाही, टायरेल," ओरेथा म्हणाली. "पोलिसांना लाव. मला नको, पोलिसांना. आणि सगळ्यांना सांग, त्यांनीही लावा."

तिने फोन खिशात टाकला. नेड्रा झोपाळ्याखाली पायाने चपला शोधत होती. एक सापडली, एक सापडेना. ओरेथाने वाकून ती काढून दिली, आणि दोघी एकमेकींना धरून पायऱ्या उतरल्या, बोळात कोणी पडलंय का बघायला.