फळ्यावरची चौकट

आमच्या भौतिकशास्त्र विभागातल्या फळ्याच्या कोपऱ्यात मी चौकट आखून ‘पुसू नये’ असं लिहिलं होतं. आत चार क्वार्क, म्हणजे चार मूलकण, मिळून बनणाऱ्या एका कणाचं वस्तुमान मांडलं होतं. त्यातले दोन क्वार्क जड. माझे मार्गदर्शक सर म्हणाले होते, “असला कण नसतोच. छापून हसं करून घेऊ नकोस.”

सफाईच्या शांतामावशी मात्र तीन वर्षं चौकट सोडून फळा पुसत राहिल्या.

आज तो कण परदेशात सापडला. आकडा माझ्या चौकटीतलाच.

“मग तेव्हाच छापलं का नाहीस?” चहा ढवळत सरांनी विचारलं.

पापणी लवायच्या आत फुटणाऱ्या कणाचीही जग दखल घेतं. माझं गणित टिकलं ते एका फडक्याच्या मेहेरबानीवर.

संध्याकाळी मावशींना म्हटलं, “ती चौकट आता पुसून टाका.”

त्यांचा हात अडखळला. सरांची जीभ अडखळली नव्हती.